दाणे पडतील तिथलं हॉटेल

प्रिय इरा आणि निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भांडत होता आणि मी चष्मा पुसत ऐकत होते. इराला नव्या नोकरीत महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी काढावे लागणार, तेव्हा कुठल्या हॉटेलवाल्यांची मेंबरशिप घ्यावी, हा वाद होता. निषाद म्हणत होता, सगळ्यात मोठी घे, त्यांची हॉटेलं मालदीवलासुद्धा आहेत. इरा म्हणत होती, तिच्या साहेबांकडे जी आहे तीच ती घेणार. मग आजीला यात रस नसेल असं वाटून तुम्ही विषय माझ्या गुडघ्यांवर आणलात.

आजीला यातलं कळतं. शिरूरमध्ये बसून कळतं, कारण आपल्या वरच्या मजल्यावर काही वर्षं शालन ओहोळ भाड्यानं राहत होती. तुम्ही तिला एकदाच पाहिलंय. इरा, तुझी सायकल जिन्यात आडवी होती म्हणून तुला शांतपणे ‘ही बाहेर पडायची वाट आहे’ असं सांगणारी ती. तिच्याबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. तुमच्या भांडणानं निमित्त दिलं.

खोली बघायला ती चाकांची एक बॅग घेऊन आली. लोक आधी भाडं विचारतात, मग पाणी किती वेळ येतं ते. तिनं काहीच विचारलं नाही. दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि खांद्यानं दार ढकलून पाहिलं. खिडकी उघडून बाहेर कोण राहतं ते पाहण्याऐवजी बाहेरून आत काय दिसेल ते पाहिलं. पुढच्या जिन्यानं वर आली होती, मागच्या जिन्यानं खाली गेली. मग मला म्हणाली, “काकू, खोली चांगली हाय. मोरीची कडी तेवढी सैल हाय.” दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि कडी घट्ट करून गेली. तुमचे आजोबा तेव्हा होते. ते म्हणाले, भाडेकरू ठेवलीय की इन्स्पेक्टर? ती जिन्यातून म्हणाली, “काका, मी इन्स्पेक्टरच आहे.”

खरंच होती. रांजणगावच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटीला होती. या कारखान्याला माल पुरवणारे छोटे कारखाने देशभर पसरलेले. तिथं जायचं, त्यांचा माल आणि काम करायची पद्धत तपासायची आणि नापास असेल तर तोंडावर नापास म्हणायचं, हे तिचं काम. होसूर, पीथमपूर, साणंद, रुद्रपूर, नागपूर. भूगोलाच्या पेपरात कधी न आलेली गावं मी तिच्यामुळे शिकले. कंपनीत ती छापील मराठी बोलायची. घरी आली, चप्पल काढली की राहू गावची बोली सुरू व्हायची. दौंड तालुक्यातलं राहू तिचं गाव. आई हौसाबाई तिथंच राहायच्या. उसाच्या लागणी आणि कांद्याच्या काढण्या करून त्यांनी ही मुलगी इंजिनियर केली. वडील लवकर गेले होते.

एकट्या बाईनं गावोगावच्या हॉटेलांत राहायचं, तर तिचे काही नियम होते. खोली पहिल्या मजल्याच्या वर आणि लिफ्टच्या अगदी समोर नको. गेल्या गेल्या एकदा जिन्यानं खाली उतरून यायचं, म्हणजे दिवे गेले तर पायांना वाट माहीत असते. कडी दोनदा. आणि झोपताना खुर्ची दाराला टेकवून ठेवायची. मी म्हटलं, शालन, खुर्चीनं कुणी थांबेल का? म्हणाली, “थांबणार न्हाई काकू. पन आवाज होईल.”

एकदा साणंदकडच्या एका हॉटेलात काउंटरवरच्या माणसानं भरल्या लॉबीत मोठ्यानं तिचा खोली नंबर सांगितला आणि वर विचारलं, एकट्याच आहात ना मॅडम? आजूबाजूला कुठल्याशा मशीन कंपनीची माणसं चहा पीत बसलेली. शालननं किल्ली परत त्याच्यापुढे ठेवली. “ही रूम आता सगळ्यांची झाली,” ती म्हणाली. “दुसरी द्या. आणि नंबर लिहून द्या.” तेव्हापासून त्या हॉटेलात बाई एकटी आली की नंबर चिठ्ठीवर लिहून देतात. हे मला शालननं नाही, तिच्याबरोबरच्या मुलींनी सांगितलं. त्या तिथं उतरतात तेव्हा त्यांनाही चिठ्ठी मिळते.

आता मेंबरशिपकडे येते.

तिच्या कंपनीत खरेदी खात्याचे प्रमुख जगताप साहेब होते. माणूस दिलदार, फक्त थोडा मिरवणारा. त्यांच्या पाकिटात मुलांच्या फोटोच्या पुढे एका बड्या हॉटेल कंपनीचं काळं कार्ड असायचं. त्यांनी शालनला सांगितलं, हेच घ्या. गोव्याला समुद्रासमोर फुकट राहता येतं, विमानतळावर माणूस पाटी घेऊन उभा असतो. ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी घेतलंही. शालन म्हणाली, रविवारी बघते.

रविवारी मी पुढच्या खोलीत तूरडाळ निवडत बसले होते. ती खाली आली आणि माझा शाळेचा जुना अ‍ॅटलास मागितला. भारताचं पान उघडून जमिनीवर ठेवलं, माझ्या ताटातून मूठभर डाळ घेतली आणि मागच्या वर्षी जिथं जिथं रात्र काढली तिथं तिथं एकेक दाणा ठेवत गेली. एक रात्र, एक दाणा. होसूरवर ढीग झाला. रुद्रपूरवर, पीथमपूरवर बऱ्यापैकी. नागपूरवर थोडे. गोव्याचा किनारा स्वच्छ राहिला.

“आता सांगा काकू,” ती म्हणाली, “ह्या दाण्यांपाशी हॉटेल कुणाचं हाय?”

मोठ्या कंपनीचं यातल्या एकाच ठिकाणी होतं आणि तेही कारखान्यापासून तासभर लांब. दाण्यांपाशी होती ती एक मधल्या दर्जाची कंपनी. त्यांच्या हॉटेलात पोहण्याचा तलाव नाही, दारात फेटेवाला नाही. पण खोली स्वच्छ, आणि सकाळी सहाला नाश्ता, कारण तिथं उतरणारे सगळेच सातच्या शिफ्टला जाणारे. शालन म्हणाली, “माणसं जिथं जावंसं वाटतं तिथलं कार्ड घेत्यात. आपण जातो तिथलं घ्यायचं.”

मग तिनं दोन्ही कंपन्यांच्या अटी फोनवर उघडल्या आणि मला मोठ्यानं वाचायला लावल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, डोळे ओळ चुकवतात, कान चुकवत नाहीत. मी आयुष्यभर दौंडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण इतकं लक्ष देऊन ऐकणारी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. दोन्हींकडे लिहिलं होतं की एजंटामार्फत बुकिंग केलं तर पॉइंट, म्हणजे साठले की फुकट खोली देणारे गुण, मिळणार नाहीत. ती म्हणाली, थांबा. तिच्या कंपनीची सगळी बुकिंगं एजंटामार्फत होत. सोमवारी जाऊन तिनं स्वतःपुरतं ते बदलून घेतलं. बाकीच्यांना आपले पॉइंट का वाढत नाहीत हे पुढं कित्येक महिने कळलं नाही. इरा, हे आधी विचारून घे. आणखी एक अट होती की ठरावीक काळ कुठंच उतरला नाहीत तर साठलेलं सगळं रद्द. त्यावर तिनं नुसती मान हलवली. तिला तसा काळ कधी मिळणारच नव्हता.

एक कलम मात्र तिनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मोठ्या कंपनीत गर्दीच्या दिवसांना पॉइंटांवर खोली मिळत नव्हती. छोट्या कंपनीत विकायला एक जरी खोली उरलेली असेल, तर ती पॉइंटांवर द्यायलाच हवी होती.

मी म्हटलं, तुला गर्दीच्या दिवसाचं एवढं काय?

 तिनं नागपूरवरचा एक दाणा बोटानं जरा बाजूला सरकवला आणि म्हणाली, “हा दसऱ्याचा धरा. आईला न्यायचंय.”

हौसाबाईंच्या वडिलांनी जिथं दीक्षा घेतली ती नागपूरची दीक्षाभूमी. लग्नानंतर त्या दर दसऱ्याला वस्तीतल्या बायांबरोबर दौंडहून रेल्वेनं तिथं जायच्या. कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी मैदानावर पेपर अंथरून झोपायच्या. लिहिता-वाचता येत नसताना दरवर्षी तिथून लेकीसाठी एक पुस्तक आणायच्या. शालनच्या खोलीत भिंतीला लागून जी रांग होती ती सगळी त्या पुस्तकांची. पण आता पाय सुजायचे, गुडघा वाकत नव्हता. यवतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमिनीवर झोपायचं नाही, तासन् तास उभं राहायचं तर आधी आडवं पडून विश्रांती घ्यायची. नुकत्याच झालेल्या दसऱ्याला हौसाबाई गेल्या नव्हत्या. शालन घरी गेली तेव्हा दार आतून लावलेलं होतं आणि आई पांढरी साडी नेसून एकटी बसली होती. कुठं जायचं नव्हतं, तरी नेसली होती.

मी विचारलं, मग पैसे भरूनच खोली घे की. तुझा पगार चांगला आहे.

“आई येणार न्हाई काकू. एवढ्या पैशात चार बायांचं तिकीट निघतं, म्हनंल. फुकट हाय म्हटलं तर यील.”

आईला ती पुरती ओळखत होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

तिनं छोट्या कंपनीचं कार्ड घेतलं. जगताप साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर चिडवलं, “ओहोळ मॅडम, तुमचं हॉटेल म्हंजी एसटी स्टँडवरचं विश्रामगृह.”

शालन डबा उघडत म्हणाली, “साहेब, एसटी माझ्या गावाला जाते.”

साहेबांच्या काळ्या कार्डाचं पुढं काय झालं तेही सांगते, कारण ते स्वतःच हसून सांगतात. दर सुट्टीत त्यांच्या मिसेसना बारामतीला माहेरी जायचं असायचं आणि बारामतीला सासूबाई असताना हॉटेलात उतरायची कुणाची हिंमत नव्हती. गोव्याचा समुद्र तसाच राहिला आणि एक दिवस सगळे पॉइंट रद्द झाले.

त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. शालन फिरत राहिली. तिच्या बॅगेची चाकं जिन्यात वाजली की मी गॅसवर आधण ठेवायची. कार्ड आधी चंदेरी झालं, मग सोनेरी. दसऱ्याची बुकिंगं उघडली त्या सकाळी तिनं कंपनीच्या बसमध्ये बसूनच खोली घेतली आणि मला फोन केला. इतकंच म्हणाली, “मिळाली.” मला वाटतं, तिला आनंदानं बोलताना मी तेव्हाच ऐकलं. हौसाबाईंनी निरोप पाठवला, बाईंना बी घेऊन या. मीही गेले. मला कधी जायला मिळालं नव्हतं.

दौंड स्टेशनवर हौसाबाई काठी टेकत उभ्या होत्या. मागं वस्तीतल्या आठ-दहा बाया, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, हातात बोचकी. जयभीम झालं. शालन आईच्या पाया पडली. हौसाबाई म्हणाल्या, “ह्या बी येणार हाटेलात.”

शालन म्हणाली, “कुठं?”

“तुझ्या हाटेलात. फुकट हाय म्हनलीस नव्हं? फुकट हाय तर समद्यांनाच हाय.”

“आये, फुकट मला हाय. खोली एक हाय.”

“मंग तू र्‍हा. मी ह्यांच्यासंगं मैदानावर पडते. आजवर कोन कुठं ऱ्हायलंय ते मला ठाव हाय.”

गाडी आली, आम्ही चढलो. हौसाबाई खिडकीशी बसून चटणी-भाकरी वाटत राहिल्या, जणू काही झालंच नाही.  शालनचे दोन वर्षांचे दाणे एका जागी आले होते आणि आई मैदानावर झोपायला निघाली होती. मैदानावर पडल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहणं सोडा, त्यांना उचलून आणावं लागलं असतं, हे शालनलाही माहीत होतं आणि मलाही. ती फोनवर अटी वाचत बसली. वर्ध्याच्या पुढे मला म्हणाली, “काकू, तीन.”

“काय तीन?”

“बघा तुम्ही.”

हॉटेल दीक्षाभूमीपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. सोनेरी कार्डामुळे खोली सकाळीच मिळाली. पण काचेच्या दारातून पांढऱ्या साड्यांची रांग आत आलेली पाहून मॅनेजर काउंटरमागून उठले. सभ्य होते. म्हणाले, “मॅडम, आज तुम्ही समजून घ्या न. एका खोलीत इतके लोक नाही ठेवता येत. पाहुणे लॉबीत बसू शकतात.”

“खोलीत किती चालतात?”

“तीन. तिघांची ओळखपत्रं लागतात.”

“तिघीच असतील. एका वेळेला.”

मॅनेजरना कळलं नाही. तिनं कारखान्यात समजावतात तसं समजावलं. तीन बाया वर जातील, त्यांची आधार कार्डं काउंटरवर. त्या खाली आल्या की पुढच्या तिघी, त्यांची कार्डं. खोलीत चौथं माणूस कधीच नसेल. टॉवेल आमचे. संध्याकाळनंतर आई, मी आणि काकू, एवढ्याच.

“असं कोणी करत नाही मॅडम. वरून तक्रार आली तर तुमची मेंबरशिप जाईल.”

त्यासाठी तिनं दोन वर्षं बॅग ओढली होती. तिनं मागं वळून पाहिलं. बाया सोफ्यावर बसल्या नव्हत्या. दारापाशी बोचकी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यात तिची आई, काठीवर सगळा भार टाकून.

“गेली तर जाऊ द्या,” शालन म्हणाली. “पण नियम दाखवा. खोलीत तीन माणसं, असं लिहिलंय. दिवसभर तीच तीन, असं कुठं लिहिलंय?”

तिचं नेहमीचं वाक्य होतं की नियम मोडायचा नसतो, शेवटपर्यंत वाचायचा असतो. मॅनेजरनी खरंच वाचला. स्क्रीनवर वर-खाली करून वाचला. मग बायांकडे पाहिलं, हौसाबाईंच्या पायांकडे पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “घ्या, पहिल्या तिघींची कार्डं घ्या.”

आणि मग त्या हॉटेलात रांजणगाव एमआयडीसीची शिफ्ट सुरू झाली. शालन लिफ्टपाशी उभी. पहिल्या शिफ्टला तिनं आईचं नाव घेतलं. आई म्हणाली, पारूबाई माझ्यापरास थोरली हाय, ती पहिली. तेवढा वाद हौसाबाईंनी जिंकला, पण शालननं त्यांना सोफ्यावर बसवून पाय बोचक्यावर ठेवायला लावले. तिघी वर जात, अंघोळ करत, घटकाभर गार खोलीत पाठ टेकत आणि केस पुसत खाली येत. खाली आलेली प्रत्येक बाई वर जाणारीला काही ना काही सांगे. नळ डावीकडं फिरव. गादी लई मऊ हाय, भिऊ नको. पारूबाई म्हणाल्या, आत शिरल्यावर शालननं कडी दोनदा लावायला सांगितलीय. कुणी चादरीवर ओलं टाकलं नाही, कुणी उशीर केला नाही. दुपारी हौसाबाईंची वेळ आली. मी त्यांच्याबरोबर वर होते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, गादी हातानं दाबून पाहिली, म्हणाल्या, “शाली हितं असती व्हय दर बारीला? एकटीच?” आणि आडव्या होताच झोपल्या. उठल्यावर त्यांनी चादर अशी ओढून लावली की खोली कुणी वापरलीच नाही असं वाटावं. मी म्हटलं, ते काम करायला इथं बाया आहेत. म्हणाल्या, “म्हनून तर.”

उन्हं कलल्यावर आम्ही सगळ्या निघालो. त्या गर्दीचं वर्णन मी करत नाही, ते मला जमणार नाही. हौसाबाई रांगेत उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत, काठीवर, पण स्वतःच्या पायांवर. त्यांनी हात जोडले तेव्हा शालन आईकडे पाहत नव्हती, आईच्या पायांकडे पाहत होती. परतताना हौसाबाईंनी पुस्तकांच्या दुकानांपाशी बराच वेळ घालवला. पुस्तक निवडायची त्यांची एक रीत होती. हातात घेऊन वजन बघायच्या.

मेंबरशिप गेली नाही. पण त्यानंतर महिन्याभरात शालनला कंपनीनं होसूरकडच्या सगळ्या पुरवठादारांची क्वालिटी सोपवली आणि ती तिकडं राहायला गेली. हौसाबाईंनाही घेऊन गेली. निघताना मी कार्डाचं विचारलं, तर म्हणाली, काकू, आता माझे सगळे दाणे एकाच गावात. दसऱ्यापुरतं ठेवते. अ‍ॅटलास मात्र मागून नेला. तेव्हा इरा, तू नकाशा स्वतःचा आण. डाळ मी पाठवीन.

पण शालन म्हटलं की मला ती आपल्या दारातून बॅग ओढत निघालेली दिसत नाही. दिसते ती त्या संध्याकाळची. बाकीच्या बायांची गाडी होती, आम्ही तिघी मागं थांबणार होतो. बोचकी घेऊन सगळ्या लॉबीत आल्या तर शालन एका खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली. मान एका खांद्यावर, पायांत बूट तसेच. दिवसभरात तिनं स्वतःचं नाव कुठल्याच शिफ्टला घातलं नव्हतं. चारी बाजूंनी माणसं येत-जात होती, काचेचं दार सारखं उघडत होतं आणि कड्या तपासून झोपणारी ही मुलगी त्यात गाढ झोपली होती. पारूबाई तिला हलवायला वाकल्या.

“उठवू नगा,” हौसाबाई म्हणाल्या. “तिची शिफ्ट आत्ता लागलीया.”

बायांनी चपला हातात घेतल्या. एकेक जण तिच्यासमोर येई, ओठांतल्या ओठांत जयभीम म्हणे आणि अनवाणी बाहेर पडे. त्या गेल्यावर हौसाबाईंनी एक खुर्ची ओढली. लेक आणि दार यांच्या मधोमध ती ठेवली, नवं पुस्तक मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून त्या खुर्चीवर बसल्या.